रात्री आधी घड्याळ, मग दिवे

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. तुम्ही मूळचे कोथरूडचे, सध्या ॲरिझोनात फिनिक्सजवळ प्रायव्हेट पायलट लायसन्ससाठी शिकताय. दिवसाच्या क्रॉस-कंट्रीत (एका विमानतळावरून दुसऱ्या, लांबच्या विमानतळावर जाण्यात) नकाशा आणि खिडकी यांचा मेळ तुम्हाला छान घालता येतो. रात्रीच्या पहिल्याच उड्डाणात मात्र सगळे दिवे सारखेच दिसायला लागले, ठरवलेले चेकपॉइंट (मार्गावरच्या ओळखीच्या खुणा) सापडेनात, आणि त्यात इन्स्ट्रक्टरने जीपीएस नकाशाचा आयपॅड मिटवून ठेवायला लावला म्हणून चिडचिड झाली. रात्री खुणा ओळखायची काही युक्ती आहे का, जीपीएस असताना हा खटाटोप कशाला, आणि भारतात परतल्यावर याचा काही उपयोग आहे का, असं तुम्ही विचारलंय.

मी पुण्यात असतो. इन्स्ट्रक्टर म्हणून भारतात बरीच वर्षं आणि अमेरिकेत काही काळ काम केलंय, त्यामुळे ही तक्रार ओळखीची आहे. माझ्या मते तुमची अडचण दिवे ओळखण्याची नाहीच, क्रमाची आहे. दिवसा आपण खाली बघतो, तळं दिसतं, मग नकाशात ते तळं शोधतो आणि ‘अच्छा, म्हणजे आपण इथे आहोत’ असं म्हणतो. दिवसा हे चालून जातं, कारण खाली दिसणाऱ्या गोष्टींना आकार असतो, रंग असतो, शेजारपाजार असतो. रात्री खाली नुसते ठिपके. ठिपक्यावरून गाव ओळखायला गेलात की मेंदू तुम्हाला हवं तेच गाव दाखवतो. म्हणून रात्री क्रम उलटा करायचा: आधी घड्याळ, मग नकाशा, शेवटी खिडकी. ‘आत्ता आठ वाजून सतरा मिनिटं झालीत, हे हेडिंग (विमानाच्या नाकाची दिशा) आणि हा वेग धरून आलो असेन तर डावीकडे अमुक गाव असायला हवं’, एवढं आधी मनाशी म्हणायचं आणि मगच बाहेर बघायचं. रात्री पुणे–लोणावळा लोकलमध्ये बसलेला माणूस प्लॅटफॉर्मवरची पाटी न वाचता उतरतो, कारण कासारवाडी गेली की पिंपरी आणि पिंपरी गेली की चिंचवड हे त्याला आधीच माहीत असतं. पाटी फक्त खात्रीपुरती. रात्रीच्या दिव्यांचं काम तेवढंच, खात्री करून देण्याचं.

आता यातलं किती जमेल हे परिस्थितीवर आहे, आणि सगळ्यात जास्त चंद्रावर. पौर्णिमेच्या आसपास, कोरड्या हवेत, ॲरिझोनाच्या वाळवंटावरून उडताना डोंगरांच्या कडा दिसतात, कोरड्या नद्यांची पात्रं दिसतात, अगदी आरामात उडता येतं. तोच मार्ग अमावस्येला म्हणजे संपूर्ण वेगळं उड्डाण. शिवाय ‘आज चंद्र आहे’ एवढ्यावर भागत नाही, तो किती वाजता उगवतो ते बघायला लागतं. आपल्या घरात संकष्टीला चंद्रोदयाची वेळ कालनिर्णयमध्ये बघतातच. त्या तिथीला चंद्र साधारण रात्री नऊच्या आगेमागे येतो. म्हणजे साडेसातला निघालात तर पहिला दीड तास तुम्ही काळोखातच आहात, चंद्र जवळजवळ पूर्ण असूनसुद्धा. आणि चंद्र रोज सरासरी पन्नासेक मिनिटं उशिरा उगवतो. परवाच्या रात्री छान दिसलं म्हणून आज त्याच वेळी तसंच दिसेल असं धरून चालू नका.

दुसरं, हवेतली धूळ आणि बाष्प. हिवाळ्यात पुण्यावर संध्याकाळनंतर धुराचा थर बसतो तो तुम्ही पाहिलाच असेल. ॲरिझोनात तसा रोज नसेल, पण रस्त्यावरच्या दिव्यांभोवती वलयं दिसायला लागली किंवा लांबचे दिवे मळकट झाले तर तापमान आणि दवबिंदू यांतलं अंतर पुन्हा तपासा (ते कमी झालं की धुकं धरतं). दिवसा ढग लांबून दिसतो. रात्री तो बहुतेक वेळा आत शिरल्यावरच कळतो, आपल्याच विमानाचे दिवे आजूबाजूला पसरलेले दिसतात तेव्हा.

चेकपॉइंट निवडण्यातच निम्मं काम होतं. दिवसाच्या नकाशावर तुम्ही धरणं, डोंगराचे सुळके, रेल्वेचे फाटे धरले असतील. रात्रीच्या मार्गासाठी ती यादी बाजूला ठेवा आणि कोरा नकाशा घ्या. अमेरिकी सेक्शनल चार्टवर (वैमानिकांच्या नकाशावर) शहरांचा जो पिवळा भाग असतो तो रात्री दिसणाऱ्या उजेडाच्या आकाराशी बराच जुळतो, तिथून सुरुवात करा. मग मोठा हायवे. त्याची ओळख म्हणजे हालचाल: एका अंगाला पांढऱ्या दिव्यांची माळ, दुसऱ्या अंगाला लाल. गावातल्या रस्त्याचे दिवे जागचे हलत नाहीत, हायवेची माळ वाहते. मग विमानतळांचे बीकन (लांबून दिसणारे, लुकलुकणारे रंगीत दिवे) आणि टॉवरवरचे लाल दिवे. छोटं गाव एकटं कधी धरू नका. चेकपॉइंट म्हणून जे धराल त्याच्या किमान तीन गोष्टी लिहून ठेवा: गावाचा आकार, हायवे त्याच्या कुठल्या बाजूने जातो, आणि शेजारी काळं काय आहे. ही तिसरी गोष्ट विद्यार्थी लिहीतच नाहीत. तलाव, शेती, डोंगर, लष्करी हद्द, जे काही दिवे नसलेलं असेल ते. उजेडापेक्षा अंधाराचा आकार जास्त टिकाऊ असतो, कारण तिथे कोणी नवीन वसाहत बांधलेली नसते.

चेकपॉइंटमधलं अंतर दिवसापेक्षा कमी ठेवावं असं पुस्तकात असतं. मला ते अर्धंच पटतं. खूप जवळजवळ चेकपॉइंट ठेवले की माणूस सतत काहीतरी शोधत राहतो आणि विमान उडवायचं बाजूला राहतं. दहा ते बारा मिनिटांवर एक पक्का चेकपॉइंट असला तर मला पुरतो. ग्राउंडस्पीड (जमिनीच्या मानाने वेग) ९० नॉट असेल तर मिनिटाला दीड नॉटिकल मैल, म्हणजे १८ मैलांना १२ मिनिटं. हे गणित जमिनीवर करून कागदावर मोठ्या अक्षरात लिहा. अंधुक उजेडात बारीक अक्षर वाचता येत नाही, आणि वाचायला म्हणून दिवा मोठा केलात की डोळ्यांचा अंधाराचा सराव गेला.

उड्डाणात मी विद्यार्थ्यांना काय करायला लावतो ते नीट सांगतो. चेकपॉइंट यायच्या दोन मिनिटं आधी मोठ्याने बोलायचं: ‘दोन मिनिटांनी, दहा वाजताच्या दिशेला (विमानाचं नाक बारावर धरलं तर डावीकडे पुढे), पूर्व-पश्चिम लांबट गाव, हायवे त्याच्या उत्तरेला, दक्षिणेला काळं.’ मग आत बघायचं, हेडिंग आणि उंची ठीक करायची. मग बाहेर. तिन्ही गोष्टी जुळल्या तर वेळ लिहायची आणि पुढचा अंदाज काढायचा. एकच जुळली तर तो चेकपॉइंट नाही असं समजायचं, कितीही मोह झाला तरी. काहीच दिसलं नाही तर ठरलेली वेळ झाल्यावर ‘दिसलं नाही’ असं लिहून त्याच हेडिंगवर पुढे जायचं. इथेच बहुतेक जण फसतात. गाव दिसलं नाही म्हणून डावीकडे थोडं बघू, मग उजवीकडे थोडं बघू, असं करत करत हेडिंग सुटतं, आणि मग खरोखरच कुठे आहोत ते कळत नाही. हेडिंग आणि वेळ या दोनच गोष्टी तुमच्या हातात आहेत, त्या सोडू नका.

चूक सुधारण्यासाठी साठात-एकचा नियम रात्री फार उपयोगी पडतो, कारण खुणेकडे बघत बघत मार्गावर परत येणं रात्री जमत नाही, आकड्यांनीच यावं लागतं. ६० मैलांत १ मैल बाजूला गेलात तर चूक १ अंशाची. ३० मैलांवर २ मैल उजवीकडे निघालात तर ४ अंशांची चूक झाली. पुढचं गाव अजून ३० मैलांवर असेल तर मार्गाला समांतर व्हायला ४ अंश डावीकडे आणि गावावर पोहोचायला आणखी ४, एकूण ८ अंश डावीकडे वळा. डोक्यात होतं, कॅलक्युलेटर लागत नाही.

आता ज्या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय तो. दिवे माणसांचे असतात, आणि माणसं राहतात सपाटीला. डोंगरावर दिवे नसतात. म्हणजे रात्री जे तुम्हाला दिसतं ते बहुतेक सुरक्षित असतं आणि ज्यावर तुम्ही आदळू शकता ते दिसत नाही. पुण्याचंच घ्या. लोहगावची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे १,९४० फुटांवर आहे. सिंहगडाचा माथा सुमारे ४,३०० फुटांवर, तोरणा ४,६०० च्या घरात, पुरंदर साडेचार हजाराच्या. समजा, नुसतं समजा, कारण लोहगाव हवाई दलाचं आहे आणि तिथे कोणी हौसेने रात्री फिरत नाही, पण समजा तुम्ही आल्टिमीटरवर (समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणाऱ्या यंत्रावर) ३,५०० फूट धरून शहरावर आहात. खाली कर्वे रस्ता, सिंहगड रस्ता, बायपासवरची रहदारी, सगळं झगमगतंय. धावपट्टीपेक्षा दीड हजार फुटांहून उंच आहात, बरं वाटतंय. नैर्ऋत्येला दिवे विरळ होतात, खडकवासल्याचं पाणी काळं दिसतं, आणि त्याच्या पुढे गड तुमच्यापेक्षा आठशे फूट उंच उभा आहे. गडावरच्या टीव्ही टॉवरचा लाल दिवा दिसला तर तुमचं नशीब. तोरण्यावर तेवढाही आधार नाही.

हे काल्पनिक झालं. तुमच्या सध्याच्या गावात खरं घडलेलं आहे. २३ नोव्हेंबर २०११ रोजी, थँक्सगिव्हिंगच्या आदल्या संध्याकाळी, मेसाच्या फाल्कन फील्डवरून एक दुइंजिनी टर्बोप्रॉप विमान सॅफर्डकडे निघालं. हवा स्वच्छ होती, चंद्र नव्हता. सुमारे साडेचार हजार फुटांवर सरळ, आडवं उडत ते काही मिनिटांतच सुपरस्टिशन डोंगरावर आदळलं. सहाही जण गेले, त्यात तीन मुलं होती. त्या डोंगराचा माथा पाच हजार फुटांच्या थोडा वर आहे, आणि वर फिनिक्स विमानतळाचं नियंत्रित हवाई क्षेत्र असल्यामुळे छोटी विमानं त्या बाजूला त्याच्याखालून काढायची सवय असते. इंजिन बिघडलं नव्हतं, वादळ नव्हतं. मागे लाखो दिव्यांचं शहर आणि पुढे काळोख, एवढंच. दिवसा ज्याला तो डोंगर चुकवणं जड गेलं नसतं, अशा विमानाची ही गोष्ट आहे.

म्हणून रात्रीच्या मार्गाची उंची खिडकीतून बघून ठरवायची नसते. सेक्शनल चार्टवर प्रत्येक चौकटीत मोठ्या अक्षरात कमाल उंचीचा आकडा असतो. मार्ग ज्या चौकटींतून जातो त्यांतला सगळ्यात मोठा आकडा घ्या, सपाट भागात त्यावर १,००० फूट, डोंगराळ भागात २,००० फूट घाला, आणि त्याखाली येऊ नका. फक्त उड्डाणानंतरची चढण आणि उतरण्याआधीची घसरण एवढ्यापुरतं खाली असाल, आणि त्या दोन्ही कुठून, कुठल्या दिशेने करायच्या हे जमिनीवरच ठरवा. गरज पडली तर विमानतळावरच गोल फिरत उंची घ्या आणि मग मार्गाला लागा. पाच मिनिटं जास्त जातील, जाऊ देत. नियंत्रित क्षेत्र आडवं येत असेल तर वरून जायची परवानगी मागा किंवा मार्गच वाकडा करा.

तुमचा बहुतेक पहिला मार्ग टूसॉनचा असेल, तिकडचे विद्यार्थी तोच घेतात. इंटरस्टेट १० धरून जाणं चांगलं, कारण रहदारी रात्रभर असते आणि वाटेत कासा ग्रँडेसारखी ठिकाणं मिळतात. पण हायवे पिकाचोपाशी डोंगरांच्या मधून जातो. पिकाचो पीक ३,३७४ फूट, आणि रस्त्याच्या दुसऱ्या अंगाचे डोंगर त्याहून उंच. रस्ता दिसतोय म्हणजे रस्त्याच्या दोन्ही बाजू मोकळ्या आहेत असं नाही. इथे एक गोष्ट डोळ्यांनी ताडता येते ती शिकून घ्या. समोर लांबवर गावाचे दिवे आहेत आणि ते खालच्या, म्हणजे तुमच्याकडच्या बाजूने एकेक करून नाहीसे व्हायला लागले, तर तुमच्या आणि त्या गावाच्या मध्ये काहीतरी वर येतंय: डोंगर, नाहीतर ढग. दोन्हींपैकी काय आहे याचा विचार करत बसायचं नाही. आधी चढायचं, आणि ज्या बाजूची जमीन ठाऊक आहे तिकडे वळायचं. उलट, डोंगराच्या पलीकडचे दिवे हळूहळू जास्त दिसायला लागले तर तुम्ही त्या कड्यापेक्षा उंच आहात.

विमानतळ सापडणं हा वेगळाच विषय. बीकन लांबून सुरेख दिसतो, पण जवळ गेलात की शहराच्या दिव्यांत हरवतो. नागरी विमानतळाचा पांढरा-हिरवा, लष्करी असेल तर दोन झटपट पांढरे आणि मग हिरवा. टूसॉनला हा फरक पुस्तकी राहत नाही. तिथे आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि डेव्हिस-मॉन्थन हा हवाई दलाचा तळ अगदी शेजारी आहेत, आणि दोन्हींच्या धावपट्ट्या जवळपास एकाच दिशेने पसरलेल्या. दोन दिव्यांच्या रांगा दिसल्या आणि जी आधी दिसली ती आपली असं मानलं, तर उतरल्यावर शस्त्रधारी माणसं स्वागताला येतील. हेडिंग जुळलं म्हणून धावपट्टी जुळली असं होत नाही. बीकनचे रंग मोजा आणि कंट्रोल टॉवरला विचारा. त्यात टूसॉनचे रस्त्यांचे दिवे फिनिक्सच्या मानाने मंद वाटतील. किट पीकच्या वेधशाळेमुळे तिथे बाहेरच्या दिव्यांवर १९७० च्या दशकापासून निर्बंध आहेत. मंद दिवे म्हणजे लांब, असं मेंदू आपोआप धरतो, त्यामुळे शहर आहे त्यापेक्षा दूर वाटू शकतं.

टॉवर नसलेल्या छोट्या विमानतळांवर धावपट्टीचे दिवे तुम्हालाच रेडिओवरून लावावे लागतात: माइकचं बटण पाच सेकंदांत सात वेळा दाबलं की पूर्ण उजेड, पाच वेळा मध्यम, तीन वेळा मंद. ते साधारण पंधरा मिनिटं राहतात. शेवटच्या वळणावर विझले तर दचकाल, म्हणून सर्किटमध्ये (उतरण्याआधी धावपट्टीभोवती घ्यायच्या ठरलेल्या फेरीत) शिरताना पुन्हा दाबा. आणि निघण्याआधी नोटॅममध्ये (वैमानिकांसाठीच्या अधिकृत सूचनांत) ते दिवे चालू स्थितीत आहेत ना हे बघा.

उतरताना एक सापळा आहे. धावपट्टीच्या अलीकडे वाळवंट किंवा पाणी असेल, एकही दिवा नसेल, तर आपण खूप उंच आहोत असं वाटतं आणि माणूस नकळत खाली खाली येतो. यावर अनुभव कामाला येत नाही. चांगले जुने वैमानिकही फसलेत. पापीचे (PAPI, म्हणजे उतरताना उंची बरोबर आहे का ते दाखवणारे धावपट्टीशेजारचे दिवे) दोन पांढरे-दोन लाल धरून या. पापी नसेल तर आकडे: ३ अंशांच्या उतारासाठी मैलाला साधारण ३०० फूट. म्हणजे धावपट्टीपासून ३ मैलांवर जमिनीपासून सुमारे ९०० फूट असायला हवेत. त्यापेक्षा बरेच खाली असाल तर डोळे काहीही सांगोत, उतरणं थांबवा. अनोळखी विमानतळावर रात्री लांबलचक सरळ अप्रोच (लांबून थेट धावपट्टीकडे उतरत येणं) मी करू देत नाही. विमानतळावर या, सर्किटच्या उंचीवर रहा, धावपट्टी डोळ्यासमोर ठेवून वळा.

डोळ्यांबद्दल थोडक्यात, कारण हे तुम्हाला ग्राउंड क्लासमध्ये शिकवलंच असेल. अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो आणि मोबाइलची पांढरी स्क्रीन ते क्षणात घालवते. मंद दिवा सरळ बघण्यापेक्षा जरा बाजूला बघून जास्त स्पष्ट दिसतो. एकाच दिव्याकडे टक लावलीत तर काही सेकंदांत तो हलायला लागल्यासारखा वाटतो, आणि विद्यार्थी त्याला दुसरं विमान समजून वळतात. लाल टॉर्चचं मला फारसं कौतुक नाही. तिच्या उजेडात नकाशावरचे लाल-जांभळे रंग गायब होतात. मंद पांढरी घ्या, आणि दोन घ्या. ५,००० फुटांच्या वर रात्री ऑक्सिजन वापरावा अशी अमेरिकेतली शिफारस आहे. छोट्या शिकाऊ विमानात तो बहुधा नसतो. निदान सिगारेट ओढत असाल तर त्या संध्याकाळी तरी ओढू नका, कार्बन मोनॉक्साइडचा पहिला फटका रात्रीच्या नजरेलाच बसतो.

क्षितिजाचं मात्र थोडक्यात सांगून चालणार नाही. वाळवंटावर तुरळक दिवे आणि वर तारे, यांची सरमिसळ होते आणि कुठून आकाश सुरू होतं ते कळेनासं होतं. तिरकस जाणारा हायवे क्षितिज वाटतो आणि विमान त्याच्याशी समांतर केलं जातं, म्हणजेच कलतं. आपल्याकडे याची सगळ्यांत दुःखद आठवण म्हणजे १ जानेवारी १९७८ ची. एअर इंडियाचं ‘सम्राट अशोक’ हे जंबो जेट सांताक्रूझवरून दुबईला निघालं आणि काही क्षणांत वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं. २१३ जण गेले. कॅप्टनसमोरचं कृत्रिम क्षितिज (विमान किती कललंय ते दाखवणारं यंत्र) चुकीचं दाखवत होतं आणि समुद्रावरच्या अंधारात पडताळून बघायला खिडकीबाहेर खरं क्षितिज नव्हतं. हे अनुभवी लोक होते, मोठं विमान होतं. तुमच्या छोट्या सेसना विमानात धडा एवढाच की रात्रीचं व्हीएफआर (बाहेर बघून उडवणं) हे निम्मं इन्स्ट्रुमेंट फ्लाइंग (यंत्रं बघून उडवणं) असतं. बाहेर दहा सेकंद बघितलंत की आत बघा, आणि आत बघताना एकाच यंत्रावर विसंबू नका. कृत्रिम क्षितिज, टर्न कोऑर्डिनेटर (वळण दाखवणारं यंत्र), हेडिंग, उंची यांची एकमेकांशी साक्ष घ्या. तुमच्या इन्स्ट्रक्टरला हुडखालचे (बाहेरचं दिसू न देणारी टोपी घालून नुसत्या यंत्रांवर उडवायचे) दोन-तीन तास जास्त मागा. माझ्या मते रात्रीच्या दिशादर्शनाची ती सगळ्यात चांगली तयारी आहे, नकाशापेक्षाही.

आता आयपॅडचं. तुमच्या इन्स्ट्रक्टरची बाजू घेतोय असं वाटेल, पण मी घेतोच. जीपीएस वापरू नका असं कोणी शहाणा माणूस सांगणार नाही. रात्री मीसुद्धा तो चालूच ठेवतो, ब्राइटनेस अगदी तळाला नेऊन. अडचण अशी की स्क्रीनवरची मार्गाची ती गुलाबी रेघ डोंगरातूनही तितक्याच सरळ जाते, आणि रेघेवर आहोत या समाधानात माणूस उंचीचा विचार सोडतो. शिवाय अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात लष्करी चाचण्यांमुळे जीपीएसमध्ये अडथळा येऊ शकतो असे नोटॅम नेहमीच निघतात; तुमच्या मार्गाचे वाचून बघा. शिकताना आयपॅड बंद ठेवला तरच घड्याळ आणि हेडिंग यांवर विश्वास बसतो. एकदा तो बसला की आयपॅड चालू करा आणि त्याला दुसरा साक्षीदार म्हणून वापरा. दोघांचं जुळलं तर उत्तम. नाही जुळलं तर उंची घ्या आणि का जुळत नाही ते शोधा.

आणि खरंच हरवलात तर? गोल फिरू नका, खाली येऊ नका. वर चढा, ज्ञात हेडिंग धरा, आणि लाज न बाळगता रेडिओवर सांगा. अमेरिकेत रात्रीच्या क्रॉस-कंट्रीला फ्लाइट फॉलोइंग घेऊनच निघा, म्हणजे कोणीतरी तुम्हाला आधीपासून रडारवर बघत असतं. ते नसेल तर १२१.५ ही आणीबाणीची फ्रिक्वेन्सी. इंधनाचा हिशेब असा ठेवा की या सगळ्याला वेळ मिळेल. तिथला नियम रात्रीच्या व्हीएफआरला ४५ मिनिटांचा राखीव साठा मागतो. मी तासाच्या खाली जाऊ देत नाही.

भारतातल्या उपयोगाबद्दल स्पष्ट सांगतो. आपल्याकडे सूर्यास्तानंतर २० मिनिटांपासून सूर्योदयाआधीच्या २० मिनिटांपर्यंत व्हीएफआर उड्डाण एरवी करता येत नाही. स्थानिक उड्डाणं आणि फ्लाइंग क्लबची प्रशिक्षण उड्डाणं एटीसीच्या (हवाई वाहतूक नियंत्रणाच्या) परवानगीने होतात. म्हणजे बारामतीहून रात्री हौस म्हणून छोटं विमान घेऊन कोल्हापूरला जाऊ, असं इथे नाही. पण सीपीएलसाठी (व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी) डीजीसीएला (भारताच्या नागरी उड्डाण नियामकाला) पीआयसी (विमानाचा जबाबदार वैमानिक) म्हणून रात्रीचे ५ तास आणि १० टेकऑफ, १० लँडिंग लागतात. तिकडचे तास इथे धरून घ्यायचे असतील तर लॉगबुकात रात्रीचा वेळ, ड्युअल (इन्स्ट्रक्टरसोबतचा) आणि पीआयसी वेगळे, स्वच्छ लिहून तिथेच सह्या घेऊन ठेवा. परत आल्यावर सह्यांसाठी ईमेल करत बसणाऱ्यांचे हाल मी बघितलेत. आणि पुढे एअरलाइनमध्ये गेलात तरी रात्री पुण्यात किंवा अन्य कुठे उतरताना अंधारावरून येणाऱ्या अप्रोचचा सापळा तोच असतो.

सुट्टीत घरी याल तेव्हा एक फुकटचा सराव आहे. पुण्याला रात्रीच्या विमानाने या, खिडकीची जागा घ्या, आणि उतरायच्या आधीची वीस मिनिटं फोनवर नकाशा न उघडता फक्त घड्याळ आणि काळे भाग बघत आपण कुठे आहोत ते सांगायचा प्रयत्न करा. दिव्यांवरून पहिल्या खेपेला बहुतेक जण हिंजवडी आणि मगरपट्ट्यात गल्लत करतात. धरणांच्या काळ्या आकारांवरून कमी होते.

तुमच्या पहिल्या सोलो रात्रीसाठी माझा सल्ला: सूर्यास्ताच्या जरा आधी निघा, म्हणजे जातानाचा मार्ग आणि डोंगर संधिप्रकाशात डोळ्याखालून जातील आणि परतीचा प्रवास अंधारात होईल. चंद्र वर असलेली रात्र निवडा. मार्ग, ठरवलेली उंची आणि विमान कुठलं ते कळवलंत तर चेकपॉइंट कुठले धरावेत ते नकाशा समोर ठेवून सांगेन.